कच्चे लिंबू

लपंडावाचा डाव मांडला जातो आणि तेवढ्यात कोणाचा तरी धाकटा भाऊ ‘मलाही घ्या’ म्हणून हट्ट धरतो. घ्यावे, तर त्याच्यावर सारखे राज्य येणार. न घ्यावे, तर तो रडत घरी जाणार. मग मुलेच तोड काढतात: ‘तू कच्चे लिंबू!’ त्या क्षणापासून तो खेळात असतो, धावतो, लपतो. पण सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही.

नवशिक्याला मराठीने दिलेले हे अंगणातले नाव होय. अर्जात किंवा व्याख्यानात ‘नवशिका’, ‘शिकाऊ’ हे शब्द शोभतात. ‘कच्चे लिंबू’ घरात आणि मित्रमंडळींत शोभते. ‘लिंबू’ नपुंसकलिंगी असल्यामुळे मुलगा असो वा मुलगी, ‘ती अजून कच्चे लिंबू आहे’ असेच म्हणतात. बोलताना ‘कच्चं लिंबू’ होते, क्वचित ‘कच्चा लिंबू’ही ऐकू येते. येथे कच्चे म्हणजे वाईट नव्हे. कच्चा खर्डा पुढे पक्का होतो, तसे हे लिंबूही पिकायचे असते.

बिदर जिल्ह्यातील हुलसूर हे महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. या भागात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू शेजारी नांदतात. अशा लिंबासाठी कन्नडमध्येही नेमका वाक्प्रचार आहे: ‘आटक्कुंटु, लेक्कक्किल्ल’, म्हणजे खेळात आहे, हिशेबात नाही. भाषा दोन, पण अंगणातला न्याय एकच.

हा न्याय सीमेवर मुलांपुरता राहत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. पुढे 1963 च्या कायद्याने कन्नड तेथील राजभाषा ठरली. मराठीत वा उर्दूत शिकलेली प्रौढ माणसे नव्या लिपीपुढे एकाएकी कच्ची लिंबे झाली. आजही मराठी घरातले मूल कन्नड बोलू लागते, किंवा कन्नडभाषक शेजारी मराठी बोलू पाहतो, तेव्हा त्याची चूक हिशेबात न धरता त्याला बोलू देणे, हाच या शब्दाचा खरा उपयोग.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. स्वतःविषयी ‘यात मी कच्चे लिंबू’ म्हणणे हा विनय. दुसऱ्या प्रौढाला तसे म्हणणे हा उपमर्द. ‘लिंबूटिंबू’ या भावंडशब्दात तर तुच्छताच अधिक. क्रिकेटमधील दुबळ्या संघांना तो लावतात. परंतु तसाच गणला गेलेला बांगलादेशचा संघ 17 मार्च 2007 रोजी विश्वचषकात भारताला हरवून गेला.

दुसरे पथ्य सवलतीच्या मुदतीचे. कायमचे कच्चे ठेवलेले मूल खेळ शिकत नाही. एके दिवशी तेच पुढे येऊन म्हणते, ‘आता माझ्यावरही राज्य द्या.’ ते मागणे ऐकू येताच मोठ्यांनी त्याला हिशेबात धरावे.