डाओने मेहनताना बुडवला तर?

पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात माल घेणारा व्यापारी समोर उभा असतो. पैसे थकले तर त्याचे दार गाठता येते. डाओचे तसे नसते. ‘डाओ’ म्हणजे ब्लॉकचेनवर, सभासदांच्या मतदानाने चालणारी संघटना. तिला बहुधा कार्यालय नसते. गावात बसून तिचे भाषांतर किंवा कोडिंग केले आणि मोबदला म्हणून ठरलेले डिजिटल टोकन आलेच नाहीत, तर दाद मागता येते का?

येते. भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 70 स्पष्ट आहे: फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कायदेशीर कामाचा लाभ ज्याने घेतला, त्याने भरपाई द्यावी. त्यासाठी लेखी करार लागत नाही.

खरी अडचण प्रतिवादीची: दावा लावायचा कोणावर? अमेरिकेत सरकारी नियामकाने 2022 मध्ये ‘ओकी’ नावाच्या डाओवर खटला भरला आणि नोटीस चक्क संकेतस्थळावरच्या मदत-चॅटमधून बजावली. 2023 मध्ये निकाल डाओविरुद्ध गेला. तो मजुरीचा खटला नव्हता, तरी डाओला कोर्टात खेचता येते हे त्यातून दिसले. पण परदेशातल्या निनावी मंडळींकडून छोटी रक्कम वसूल करणे फार कठीण. म्हणून काम घेण्याआधीच जबाबदार माणसाचे खरे नाव आणि पत्ता मागा.

पुरावा म्हणून नुसते स्क्रीनशॉट ठेवू नका. तारखांसह पूर्ण संभाषण, मोबदला मंजूर करणारे मतदान, वॉलेटचा पत्ता जपा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

वकील परवडत नसेल तर 15100 या विधी साहाय्य हेल्पलाइनवर विचारा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. केलेल्या कामाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे आहे.