स्वच्छतेच्या वासामागे काय दडले आहे?

रमजान जवळ आला की आपल्या घराघरांत साफसफाई सुरू होते. जाळी-जळमटे निघतात, पेट्या उपसल्या जातात, संडास-बाथरूम घासून लख्ख होते. त्यासाठी किराणा दुकानातून आपण ज्या वस्तू बेधडक आणतो, त्या आपल्या शरीराचे काय करतात, हा विचार मात्र क्वचितच करतो. अशा तीन वस्तू पाहू या.

पहिली, संडास साफ करायचे अॅसिड. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. डाग निघेना की आपण त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकतो. दोन्ही मिळून काम लवकर होईल असा आपला समज. प्रत्यक्षात त्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून जमिनीलगत साचतो. उकिडवे बसून फरशी घासणाऱ्या बाईच्या थेट नाकाशी. डोळे चुरचुरले, ठसका लागला, छाती आवळली, तर काम तिथेच सोडून मोकळ्या हवेत जावे. त्रास थांबला नाही तर लगेच दवाखाना गाठावा. हीच रसायने जास्त ओतली तर सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे उपयोगी जिवाणूही मरतात.

दुसरी, डांबराच्या गोळ्या. त्या बऱ्याचदा नॅफ्थलीनच्या असतात. शाळेत आम्ही मुलांना संप्लवन शिकवताना याच गोळीचे उदाहरण देतो: घन पदार्थाचे पाणी न होता थेट वायू होतो. म्हणजे पेटीतली गोळी झिजते, ती हवेत मिसळते आणि आपल्या श्वासात येते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. अशा बाळाला गोळ्यांत ठेवलेली झबली, दुपटी वापरली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. थोरल्याचे कपडे धाकट्यासाठी जपून ठेवण्याची आपली रीत चांगलीच आहे, पण गोळ्यांशिवाय. शिवाय पांढरी गोळी लहान मुलाला पेपरमिंटसारखी दिसते, हेही विसरू नये.

तिसरी, मच्छर कॉइल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, की एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण हवेत सोडते. घरात कोणी सिगारेट पेटवली तर आपण त्याला बाहेर काढतो, आणि बाळाच्या उशाशी कॉइल लावून खिडक्या बंद करतो!

उपाय साधे आहेत. कोणतीही दोन क्लीनर एकत्र करू नयेत. एका वेळी एकच वापरावे, दार-खिडकी उघडी ठेवावी आणि भरपूर पाणी ओतावे. अॅसिड पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. रोजच्या फरशीला साबणाचे पाणी पुरते. कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासोबत ठेवावेत. डासांसाठी मच्छरदाणी लावावी आणि पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात.

आरोग्य ही अल्लाहने आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. या रमजानच्या साफसफाईत फरशीबरोबर फडताळही तपासू या. कोणत्या बाटलीत काय आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेच पाहिजे.