अलिप्त वायू आणि तलासरीची भूमी

नोव्हेंबर २०१८ पासून तलासरी आणि डहाणू तालुक्यांची भूमी वारंवार हादरू लागली. धुंदलवाडी परिसरात धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एका धक्क्याची तीव्रता ४ हून अधिक होती. अनेक कुटुंबांनी थंडीच्या रात्री तंबूंत काढल्या. भूगर्भ पूर्वसूचना देतो काय, हा प्रश्न अशा वेळी स्वाभाविकच उठतो. त्याच्या शोधात शास्त्रज्ञ एका अलिप्त कुळापर्यंत पोहोचले.

हेलिअम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन आणि रेडॉन हे ते राजवायू. यांच्या अणूचे बाह्यतम कवच आठ इलेक्ट्रॉनांनी, हेलिअमचे दोनांनीच, पूर्ण भरलेले असते. खाते चुकते, कोणाचे देणे नाही, कोणाकडून घेणे नाही. अपरिग्रहाचे स्मरण व्हावे अशीच ही स्थिती. हेलिअमकडून रेडॉनकडे जावे तसा अणू मोठा व वायू जड होतो. उत्कलनबिंदू उणे २६९ अंश सेल्सिअसवरून उणे ६२ पर्यंत चढतो. बाहेरील इलेक्ट्रॉनांवरील केंद्रकाची पकडही सैल होत जाते. म्हणूनच १९६२ मध्ये नील बार्टलेट यांना झेनॉनचे संयुग घडविता आले.

रेडॉन मात्र किरणोत्सारी आहे. खडकांतील युरेनिअमच्या क्षयातून रेडिअम व त्यापासून रेडॉन निर्माण होतो. खनिजांशी त्याचा बंध जुळत नसल्याने तो भेगांतून, भूजलासोबत वर येतो. सुमारे ३.८ दिवसांत त्याचे प्रमाण निम्मे होते. म्हणून वर आढळणारा रेडॉन ताजाच असतो. १९६६ च्या ताश्कंद भूकंपापूर्वी तेथील खोल विहिरीच्या पाण्यात तो वाढल्याचे आढळले आणि जगभर आशा पालवल्या.

परंतु पाऊस, तापमान आणि हवेचा दाब यांनीही रेडॉनचे प्रमाण बदलते. कधी तो वाढूनही भूकंप होत नाही, कधी न वाढताच होतो. त्यामुळे विश्वासार्ह भाकीत आजवर साधलेले नाही. एका नोंदीवरून कोणी तारीख सांगू लागला, तर त्यावर विसंबून दुकान बंद करणे किंवा घर सोडणे योग्य नव्हे.

हाती आहे ती पूर्वतयारी. भिंतींना काँक्रीटचे आडवे पट्टे असावेत, कपाटे भिंतीला पक्की जखडावीत, जड माल माळ्यावर न ठेवता खालच्या फळीवर ठेवावा. भूकंपाची वेळ सांगता येत नाही. घराची बळकटी मात्र आजच तपासता येते.