शाईतील चरबी आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

गिऱ्हाइकाने मालाविषयी शंका काढली की आपण दुकानदार चटकन चिडतो. अशा वेळी मुंबईचे आद्य मराठी छापखानदार गणपत कृष्णाजी यांची हकीकत आठवावी.

गणपत कृष्णाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात नोकरीस होते. तेथे शिळाछापाचे काम पाहून त्यांनी यंत्र स्वतः बनविले, दगडाचे तुकडे जमवून छापून पाहिले आणि १८३१ मध्ये छापील पंचांग काढले.

शिळाछाप ही बव्हेरियाच्या सेनेफेल्डरची युक्ती. आरंभी तो तिच्यावर गाण्यांच्या स्वरलिपी छापीत असे. आपली जुनी उर्दू पुस्तकेही अशीच छापलेली आहेत. कातिब स्निग्ध शाईने लिहितो आणि तो मजकूर दगडावर उतरवितात. दगड ओला केला की कोरी जागा पाणी धरते, अक्षरे तेवढी शाई धरतात. तेल व पाणी एकत्र होत नाहीत, एवढेच यातील इंगित. म्हणून शाईत स्निग्ध पदार्थ लागतोच, आणि तो बहुधा चरबीचा असे.

येथेच अडचण आली. चरबीच्या शाईचा कागद शिवायला सनातनी लोक तयार नव्हते. गणपत कृष्णाजी वाद घालीत बसले नाहीत. त्यांनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली. गिऱ्हाइकाची शंका त्यांनी मालातूनच काढून टाकली. पुढे शिशाचे टाइपही त्यांनी स्वतः पाडले. १८६० मध्ये ते वारले, पण छापखाना त्यांच्यामागेही चालला.

आम्ही कापडवाले. एकदा घाऊक व्यापाऱ्याने 'शुद्ध सुती' म्हणून दिलेले ठाण आम्ही न तपासता विकले. गिऱ्हाइकाने धागा जाळून दाखविला. सुताची राख होते, याची कडक गोळी झाली. आम्ही आधी हुज्जत घातली, मग पैसे परत केले. ते घर पुन्हा दुकानाची पायरी चढले नाही.

हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले. गोंदियासारख्या धानाच्या मुलखात याचा अर्थ कोणाला समजावून सांगायला नको.

तेव्हा ठाण घेताना एक धागा आपणच जाळून पाहावा. मिश्र कापड विकण्यात गुन्हा नाही. ते मिश्र आहे एवढे सांगून विकावे. हलाल रोजीची बरकत त्यातच आहे.