तापणारा लॅपटॉप : आजार कोणता आणि उपाय कोणता?

हल्ली खेडेगावातील साध्या घरातही एखादा लॅपटॉप दृष्टीस पडतो. कोणी पतसंस्थेचे कर्ज काढून तो घेतलेला असतो, तर कोणी परदेशी राबणाऱ्या वडिलांच्या कमाईतून. महाविद्यालयात जाणारी मुलगी त्यावर आपला अभ्यास करते, थोरला मुलगा नोकरीचे अर्ज भरतो, आणि शनिवारी सायंकाळी रविवारच्या मिस्सासाठी गायनमंडळाच्या गीतांची प्रतही त्याच यंत्रावर तयार होते. असे हे घरातील एकुलते एक यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालून, तव्यासारखे तापून एकाएकी बंद पडू लागले म्हणजे सारे घर चिंतेत पडते. दुकानात नेले तर कधी कधी ‘हा गेला, आता नवाच घ्या’ असे उत्तर मिळते. नवा घ्यायचा म्हणजे साध्या कुटुंबाची कित्येक महिन्यांची शिल्लक खर्ची घालायची.

हा निर्णय घेण्यापूर्वी आमच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तापून आपोआप बंद पडणारे यंत्र बहुधा मेलेले नसते. ते स्वतःचा जीव वाचवीत असते. त्याला कशाचा त्रास होतो आहे हे शोधले तर पुष्कळदा थोड्याशा श्रमात ते पूर्ववत चालू लागते.

यंत्र स्वतःहून का थांबते?

लॅपटॉपच्या पोटात प्रोसेसर नावाची चिप असते. आकाराने ती अंगठ्याच्या नखाएवढी किंवा किंचित मोठी असते. पण यंत्राचे सारे काम तीच करते. साध्या लॅपटॉपमधील प्रोसेसर भरात असताना सुमारे १५ वॉट वीज खातो. जड कामांसाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये हा आकडा ४५ वॉटपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जातो. ही सर्व वीज शेवटी उष्णतेत बदलते. घरच्या वेदीपुढे रात्रभर जळणारा १५ वॉटचा लहान दिवा हाताला कसा चटका देई, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तेवढीच उष्णता नखाएवढ्या जागेत साठली तर काय होईल, याची कल्पना करावी.

म्हणून प्रोसेसरमध्येच उष्णता मोजण्याची सोय केलेली असते. तपमान साधारणतः ९५ ते १०० अंश सेल्सियसच्या घरात पोचले की तो प्रथम आपला वेग कमी करतो. बंद पडण्यापूर्वी यंत्र काही वेळ रेंगाळते ते यामुळेच. तरीही उष्णता चढतच राहिली तर यंत्र कोणतीही सूचना न देता वीज तोडून टाकते. त्याने तसे केले नसते तर चिप जळून गेली असती.

उष्णता बाहेर नेण्यासाठी आत एक साखळीच असते. चिपेवर राखी रंगाच्या लेपाचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी, पट्टीला जोडलेली चपटी नळी, नळीच्या टोकाला कंगव्याच्या दातांसारख्या पातळ पत्र्या, आणि त्या पत्र्यांवर वारा घालणारा छोटा पंखा. ती नळी पोकळ असून तिच्यात किंचित द्रव, बहुधा पाणी, असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ते आतल्या अस्तरातून झिरपत मागे येते. जॉर्ज ग्रोव्हर या शास्त्रज्ञाने १९६३ साली अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत अशी नळी बनवली. पुढे अंतराळयानांत आणि मग घरगुती यंत्रांतही तिचा वापर होऊ लागला.

या साखळीतील एखादी कडी अडली की उष्णता आत कोंडते. बहुतेक वेळा शेवटचीच कडी अडलेली असते. खानापूरकडची तांबडी माती असो, चुलीचा धूर असो, की गोधडीतील कापसाचे तंतू असोत, पंखा ते सारे आत ओढतो. पंखा आणि पत्र्या यांच्यामध्ये त्याचा नमद्यासारखा जाड थर बसतो. बाहेरून लॅपटॉप कितीही स्वच्छ दिसला तरी हा थर दिसत नाही.

प्रथम परीक्षा करावी

काहीही करण्यापूर्वी, यंत्र चालते तेवढ्या वेळात महत्त्वाची कागदपत्रे, छायाचित्रे आणि अभ्यासाच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात.

त्यानंतर यंत्र लाकडी टेबलावर ठेवून मागची बाजू दोन लाकडी ठोकळ्यांनी बोटभर उचलावी. बहुतेक लॅपटॉप खालच्या बाजूने हवा आत घेतात. गादीवर किंवा मांडीवरच्या चादरीवर ठेवले की त्यांचा श्वास कोंडतो. अशा रीतीने ठेवल्यावर यंत्र तासभर सुरळीत चालले, तर दोष जागेचा होता असे समजावे.

तसे झाले नाही तर बाजूच्या किंवा मागच्या झरोक्यापाशी तळहात धरावा. हवा कढत पण अगदी मंद येत असेल तर पत्र्या तुंबल्या आहेत. यंत्र तापलेले असूनही हवा मुळीच येत नाही आणि पंख्याचा आवाजही नाही, असे असेल तर पंखा थांबलेला आहे. तो घरघरत असेल तर झिजला आहे, आणि त्याला बदलणेच बरे. मात्र यंत्र थंड असतानाही बंद पडत असेल, किंवा चार्जर काढताच बंद पडत असेल, तर तो उष्णतेचा दोष नसून बॅटरीचा वा अन्य भागाचा असण्याचा संभव अधिक.

आणखी एक तपासणी बसल्या जागी करता येते. विंडोज असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली असता टास्क मॅनेजर उघडतो. आपण काहीच करीत नसताना एखादा प्रोग्रॅम प्रोसेसरची निम्मीअधिक शक्ती सतत खाताना दिसला, तर उष्णतेचे मूळ तेथे आहे. ते नवीन आवृत्ती उतरवून घेण्याचे काम असेल तर पुरे होऊ द्यावे. नकोसा प्रोग्रॅम असेल तर काढून टाकावा.

झाडलोट कशी करावी?

यंत्राची हमी अद्याप चालू असेल तर ते स्वतः न उघडता कंपनीच्या सेवाकेंद्रातच न्यावे. हमी संपली असेल आणि घरात सावध हाताचे माणूस असेल तर पुढील काम अवघड नाही.

यंत्र पूर्णपणे बंद करावे, चार्जर काढावा आणि ते थंड होऊ द्यावे. खालच्या झाकणाचे स्क्रू एकाच लांबीचे नसतात. म्हणून कागदावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी ठेवावा. आतल्या भागाला हात लावण्यापूर्वी नळासारख्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. झाकण उघडताच सर्वप्रथम बॅटरीची जोडणी अलगद सोडवावी.

मग पंख्याचे पाते आगकाडीने अडवून धरावे आणि मऊ, कोरड्या ब्रशाने व रबरी हातपंपाने धूळ काढावी. पाते मोकळे सोडून जोराचा वारा मारल्यास पंखा वेडावाकडा फिरून बिघडतो. पत्र्यांच्या तोंडाशी बसलेला थर चिमट्याने उचलला तर कित्येकदा अखंड पट्टीसारखा निघून येतो. तोंडाने फुंकर घालू नये, कारण तिच्याबरोबर ओल जाते. काही मंडळी यंत्र पंक्चरच्या दुकानी नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारतात. त्या हवेत पाणी व तेलाचे कण असतात आणि तिचा जोरही फार असतो. तो मार्ग टाळावा.

यंत्र चार-पाच वर्षांचे असेल तर चिपेवरील लेप वाळून भेगाळलेला असू शकतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढा नवा लेप लावतात आणि पट्टीचे स्क्रू तिच्यावर लिहिलेल्या क्रमाने थोडे थोडे आवळतात. लेपाऐवजी दात घासण्याची पेस्ट लावू नये; ती काही दिवसांतच सुकून निरुपयोगी होते. हे काम जमेलसे वाटत नसेल तर कारागिराकडून करून घ्यावे; पण ‘पत्र्या साफ करून लेप बदलून द्या’ असे स्पष्ट सांगावे. काय करवून घ्यायचे ते ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकाला ‘नवाच घ्या’ असे सहसा कोणी म्हणत नाही.

येथे मात्र थांबावे

टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण नीट मिटेनासे झाले किंवा टेबलावर यंत्र डगमगू लागले, तर आतली बॅटरी फुगली आहे असा संशय घ्यावा. हे धोक्याचे लक्षण होय. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. तिला दाबू नये, टोचू नये, चार्जही करू नये. यंत्र बंद करून मुलांपासून व कपड्यांपासून दूर ठेवावे आणि जाणत्या कारागिराकडे सोपवावे. जुनी बॅटरी कचऱ्यात वा आगीत टाकू नये. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी.

यंत्र थंड करण्यासाठी खाली ओले फडके ठेवणे किंवा ते फ्रिजमध्ये घालणे हेही घातकच. आत दव धरले की यंत्र खरोखरच निकामी होते. कौलारू घरापेक्षा पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात यंत्र लवकर तापते. ग्वाल्हेरकडील आमच्या वाचकांना तर मे महिन्यात ४५ अंशांचा उन्हाळा सोसावा लागतो, आणि बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. अशा दिवसांत जड कामे पहाटे किंवा रात्री उरकावीत.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात वापरून फेकून देण्याच्या वृत्तीविषयी सर्वांना सावध केले होते. मूठभर धुळीपायी चांगले यंत्र टाकून देणे आणि त्यासाठी कर्जाचा नवा बोजा घेणे हाही त्याच वृत्तीचा प्रकार होय. १९ मार्च हा संत योसेफांचा सण उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. हत्यारांवर पोट असलेल्या त्या सुताराच्या सणाच्या आठवड्यात घरातील लॅपटॉप दरवर्षी एकदा उघडून झाडण्याचा परिपाठ ठेवला, तर परीक्षेच्या दिवसांत तो दगा देण्याचा प्रसंग सहसा येणार नाही.