मोरीचं पाणी आणि चोपण माती

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला 'चोपण' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वाळली की दगड, भिजली की खळ. वर पाणी साचलेलं आणि चार बोटं खाली माती कोरडी. कालव्याच्या पाण्याचा अतिरेक झाला की जमीन अशी होते, हे गावोगाव ठाऊक आहे. ती परसदारातही होते आणि आपल्याच धुण्याच्या पाण्यानं होते, हे मात्र कुणी फारसं बोलत नाही.

मोरीच्या तोंडाशी अळू, पलीकडे कर्दळ आणि केळ, ही सांडपाण्याची योजना कुठल्या अहवालातून आलेली नव्हती. ती चालली, कारण भांडी राखेनं घासली जात, डोकं शिकेकाईनं, भारी कपडे रिठ्यानं धुतले जात. राखेतलं पोटॅश झाडाच्या कामाचं. आज त्याच मोरीतून कपड्यांच्या पावडरीतला धुण्याचा सोडा वाहतो, शिवाय पुडा भरण्यासाठी घातलेलं सोडियम सल्फेट. झाडाला सोडियमची भूक जवळपास नसते. ते मातीत साठत राहतं.

काळ्या मातीला हे जास्त बाधतं. तिच्यातली चिकणमाती फुगणारी, म्हणून तर उन्हाळ्यात भेगा पडतात. कॅल्शियम तिचे कण एकमेकांना धरून ठेवतं, सोडियम ते सुटे करतं. सुटे कण मातीतली छिद्रं बुजवतात. गंमत अशी, की मोरीचं क्षारयुक्त पाणी चालू असतं तोवर नुकसान झाकलेलं राहतं. पहिला स्वच्छ पाऊस पडला की वाफ्यात चिखलाचं तळं होतं आणि दोष पावसाला जातो.

म्हणून हे पाणी गटारात सोडायचं का? मुळीच नाही. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून दहा टाक्यांची रेल्वे सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, तो उन्हाळा आठवून पाहा. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. पाच माणसांच्या घराला 275. संडासात जाणारं वगळलं तरी दीडशेच्या आसपास लिटर मोरीतून बाहेर पडतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं शोषखड्डे घेऊन गटारं आणि डास दोन्ही हटवले, ते कौतुकाचंच. पण परसात जागा असेल तर पाणी खड्ड्यात मुरवण्यापेक्षा शेवग्याच्या आळ्यात मुरवावं, असं माझं मत.

नागपूरच्या 'नीरी'नं युनिसेफसोबत मध्य प्रदेशातल्या धार-झाबुआच्या आश्रमशाळांत मुलांच्या आंघोळीचं पाणी गाळून संडासासाठी आणि बागेसाठी वापरलं. त्याची मार्गदर्शिका 2007 मध्ये निघाली. त्याआधीच, 2001 मध्ये, अमेरिकेतल्या वाळवंटी ॲरिझोनानं रोज 400 गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे 1500 लिटर, घरगुती सांडपाणी बागेला द्यायला वेगळ्या परवान्याची अट ठेवली नाही. अटी साध्या आहेत: पाणी आपल्याच आवारात मुरावं, साचू नये, फवारू नये, बाळाच्या लंगोटांचं नसावं. खाण्याच्या झाडांत फक्त लिंबूवर्गीय आणि कवचफळांना मुभा. अळूची भाजी मोरीवरच वाढवणाऱ्या आपल्याला हे सोवळं जरा जास्त वाटेल. तरी कोथिंबीर, मुळा, गाजर यांना हे पाणी नको, हे आपणही पाळावं.

बाकी खटाटोप थोडा. आंघोळीचं पाणी सर्वांत निर्धोक. खरकट्या पाण्यातलं तेल आणि शितं जाळी-वाळूत अडवावी लागतात, नाहीतर आळं कुजतं. पाणी बादलीत दिवसभर ठेवू नये, वास सुटतो. त्याच दिवशी पालापाचोळ्याखाली सोडावं. कपड्यांचं पहिलं पाणी गटारात, शेवटच्या खळबळणीचं बागेत. पावडरीपेक्षा पातळ साबणात सोडियम बहुधा कमी असतं. बोरॅक्स असलेलं काहीही लिंबाजवळ नको.

आणि एक परीक्षा घरीच करा. पारदर्शक ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्या. मोरीच्या वाफ्यातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ त्यात अलगद सोडा, हलवू नका. ढेकूळ नुसतं विरघळून खाली बसलं तर चिंता नाही. दोनेक तासांत त्याच्याभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरलं, तर वाफ्यात जिप्सम मिसळा, आणि त्याआधी साबण बदला.