‘स्टारला काही अर्थ नसतो’ म्हणणाऱ्यांसाठी थोडं गणित

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, अ‍ॅलन या भागात आता मराठी घरंही पुष्कळ आहेत. शाळेचा अमेरिकन फुटबॉल तिथे केवढं मोठं प्रकरण आहे हे त्यांना सांगावं लागत नाही. अ‍ॅलनच्या शाळेचं २०१२ मध्ये उघडलेलं स्टेडियमच सहा कोटी डॉलरचं आहे आणि त्यात १८ हजार माणसं बसतात. शुक्रवारी रात्री सामना झाला की शनिवारी चर्चा ठरलेली: यातला कोण कॉलेजात टिकेल? आणि या चर्चेत एक वाक्य हमखास येतं. “स्टारबिर काही खरं नसतं हो. जे. जे. वॉटला दोनच स्टार होते!”

या वाक्याचा मला मनापासून राग येतो. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेल्या वॉटबद्दलची त्यातली माहिती खरी आहे. चूक आहे ती तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षात, आणि त्याच निष्कर्षावर घरातल्या मुलाचे निर्णय घेतले जातात.

२४७ स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन यांसारख्या संस्था शाळकरी खेळाडूंना दोनपासून पाचपर्यंत स्टार देतात. २४७ स्पोर्ट्स वर्षाला साधारण ३२ जणांनाच पाच स्टार देते, कारण एनएफएलच्या वार्षिक निवडीच्या (ड्राफ्टच्या) पहिल्या फेरीतही ३२ जागा असतात. म्हणजे स्टार हा अंदाज आहे, आणि अंदाज एका खेळाडूवरून तपासता येत नाही.

एक गोल आकड्यांचं उदाहरण घेऊ. पाच स्टारवाल्या ३२ जणांपैकी निम्मे एनएफएलने निवडले, तर झाले १६. तीन स्टारवाले २ हजार धरले आणि शंभरातले पाचच निवडले गेले, तरी ते होतात १००. आता यादी वाचणारा म्हणणार, “बघा, तीन स्टारवाले शंभर आणि पाच स्टारवाले सोळाच!” पण पाच स्टारवाल्या मुलाची शक्यता दोनात एक होती आणि तीन स्टारवाल्याची विसात एक. प्रत्यक्षातलं चित्रही साधारण असंच आहे: पाच स्टारवाल्यांतले निम्म्याच्या आसपास निवडले जातात, तीन स्टारवाल्यांतले शंभरात दहाही नाहीत. वॉटचं नाव सगळ्यांना पाठ आहे, ते तो अपवाद आहे म्हणूनच.

संघांच्या पातळीवर तर वाद घालायलाही जागा उरत नाही. पत्रकार बड एलियट अनेक वर्षं एक साधी मोजणी करत आले आहेत: कॉलेजच्या संघाने मागच्या चार वर्षांत घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक चार-पाच स्टारवाली आहेत का? २०२४ च्या हंगामापर्यंत वर्षानुवर्षं राष्ट्रीय विजेता या मोजणीत बसणाऱ्या मोजक्या संघांमधूनच आला.

आणि दोन स्टार म्हणजे सामान्य खेळाडू, ही समजूतही काढून टाका. अमेरिकेत शालेय फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या घरात आहेत. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्याच आकडेवारीप्रमाणे त्यातली सुमारे ७ टक्के तिच्या कुठल्या ना कुठल्या विभागात खेळतात, आणि सर्वोच्च विभागात ३ टक्क्यांच्या आसपास. दोन स्टार मिळाले तरी मुलगा बहुतेकांच्या पुढे गेलेला असतो.

मग वॉट स्टार देणाऱ्यांच्या नजरेतून सुटला कसा? तो सेंट्रल मिशिगनमध्ये आक्रमणातला टाइट एंड म्हणून गेला, तिथून स्कॉलरशिपशिवाय विस्कॉन्सिनला आला, बचाव फळीत गेला, आणि पुढे तीन वेळा एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. लेन जॉन्सन शाळेत क्वार्टरबॅक होता. ओक्लाहोमात दोन जागा बदलून तो आक्रमणाच्या फळीत टॅकल झाला आणि २०१३ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला. जॉश अ‍ॅलनला शाळेतून सर्वोच्च विभागातल्या एकाही कॉलेजने बोलावलं नाही. शिडशिडीत मुलगा आधी रीडली या ज्युनियर कॉलेजात गेला, मग वायोमिंगला, आणि २०१८ मध्ये सातवा निवडला गेला. हे खेळाडू नेमके जे बनले, ते शाळेच्या व्हिडिओत दिसणं शक्यच नव्हतं. ते शरीर आणि ती जागा तेव्हा अस्तित्वातच नव्हती. म्हणून जाणता कोच सतरा वर्षांच्या मुलाचं आजचं वजन बघून थांबत नाही. हाडांचा सांगाडा, हातांची लांबी, घोट्यांची लवचिकता आणि आईवडिलांची उंचीही तो बघतो. उलट सोळाव्या वर्षीच पूर्ण वाढलेला मुलगा शाळेत सगळ्यांना लोळवतो, आणि कॉलेजात त्याच्या अंगाची मुलं समोर आली की त्याचा तो फायदा संपतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“चाळीस यार्ड साडेचार सेकंदांत पळतो.” घड्याळ कुणाच्या हातात होतं? हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा सेकंदाचा पाचवा भाग सहज कमी येते. शर्यतींतल्या अधिकृत वेळा बघा.

“बुटका क्वार्टरबॅक चालत नाही.” अ‍ॅलन गावच्याच शाळेचा कायलर मरी पाच फूट दहा इंचांचा आहे. कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी २०१८ मध्ये त्याची, आणि २०१९ च्या निवडीत पहिलं नावही त्याचंच.

“हंगामात चाळीस टचडाउन केले.” कुणाविरुद्ध, हे कळल्याशिवाय हा आकडा काहीच सांगत नाही.

“पहिल्या वर्षी बाकावरच आहे, म्हणजे संपलं.” ते वर्ष बहुतेक वेळा ठरवून दिलेलं असतं. चार सामन्यांपर्यंत खेळूनही पात्रतेचं वर्ष वाचवता येईल असा नियम २०१८ मध्ये आला, तो याचसाठी.

“खेळ चांगला असला की मार्क कोण बघतं?” एनसीएए बघते. २०२३ मध्ये तिने सॅट आणि एसीटी या परीक्षांची अट काढली, पण सर्वोच्च विभागासाठी १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ ची सरासरी ही अट कायम राहिली. त्या सोळांपैकी दहा विषय शाळेचं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण लागतात, त्यात सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. एकदा ते वर्ष सुरू झालं की त्या दहांचे गुण ते विषय पुन्हा घेऊन वाढवता येत नाहीत. त्यामुळे नववीतच शाळेच्या समुपदेशकाकडून मुख्य विषयांची यादी मागून घ्या.